गिऱ्हाइकाचं माप

शिंपीकाकांनी बासरी घेतली तीही मापानेच. दुकानात टेप काढली, भोकांमधलं अंतर मोजलं, बोटांशी ताडून पाहिलं आणि सर्वांत आखूड बासरी उचलली. कात्री धरून धरून उजव्या हाताची बोटं वाकली होती. लांब बासरीवर ती पोचतच नव्हती.

छप्पन्नाव्या वर्षी हे खूळ कशासाठी? तर ताईसाठी. थोरल्या बहिणीचे कान मिटत चालले होते. वर्ष निघालं तर निघालं, असं डॉक्टर म्हणाले होते. "आई मशीनवर बसून गुणगुणायची ना, ते एकदा ऐकायचंय," ताई म्हणाली होती. "आपल्या घरातल्या कुणाकडून." घरातला उरला होता हा एकटा, आणि याच्या गळ्यापुढे देवानेही हात टेकलेले.

रोज दुकान बंद केलं की काका तिच्यासमोर स्टुलावर बसत. पहिला महिना नुसती फुंकर. दुसऱ्यात किंचाळ्या. चारदा बासरी कपाटात गेली. पण ताई मान डोलवायची, "कालच्यापेक्षा बरं" म्हणायची, आणि तेवढ्यावर हा माणूस पुन्हा उभारी धरायचा.

सातव्या महिन्यात गाणं बसलं. त्या दिवशी उकडत होतं, म्हणून काका खिडकीकडे तोंड करून बसले. अख्खं गाणं वाजवलं, एकही सूर चुकला नाही. शेवटच्या ओळीवर पाठीमागून आवाज आला, "बाळ्या, नुसता काय बसलायस? वाजव की."

काका वळले.

"मग रोज मान कशाला हलवायचीस?"

"तुझी बोटं हलली की हलवायची." ताई पदराशी चाळा करू लागली. "बारीक आवाज आधीच गेले रे. तू बोलतोस ते येतं. ट्रक जातो तो येतो."

"सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर बसला असतास रोज?"

काकांनी डोकं धरलं. तीस वर्षं गिऱ्हाइकाचं माप घेतल्याशिवाय त्यांनी कापडाला कात्री लावली नव्हती. आणि इथे स्वतःच्या बोटांचं माप घेऊन, बारीक आवाजाची आखूड बासरी उचलून मोकळे झाले होते.

दुसऱ्या दिवशी बासरी शिकवणाऱ्या गुरुजींकडून त्यांनी हातभर लांब, जाड बासरी आणली. गुरुजी म्हणाले, "काका, हिच्यावर तरण्यांची बोटं ताणायलाही वर्ष जातं."

काका स्टुलावर बसले. डाव्या हाताने वरची तीन भोकं झाकली आणि फुंकलं. घुमणारा, खोल सूर निघाला.

ताई एकदम ताठ बसली. यावेळी तिने डोळे मिटले होते.

"आला," ती म्हणाली. "हाच. असंच सुरू व्हायचं."

तिथून गाणं एकदम खाली उतरत होतं. सहाही भोकं झाकायला हवी होती. काकांनी उजवी बोटं ताणली, मनगट वळवलं, खांदा वाकडा केला. शेवटच्या भोकातून हवा फसफसत राहिली. ते पुन्हा पहिल्या सुरावर आले. तो तेवढा लागत होता.

ताई डोळे मिटून वाट पाहत होती.

"पुढे?" तिने विचारलं.

काकांनी तोच सूर पुन्हा लावला.