माझ्यातला दुसरा आवाज

मी एक डीव्हीडी बोलतेय. माझ्यात आवाज दोन आहेत. पण माझ्याविषयी निर्णय घेताना मला विचारावं, असं कुणाला वाटत नाही.

माझा जन्म एका व्हिडिओवाल्याच्या दुकानात झाला. या घरच्या धाकटीच्या पाचव्या वाढदिवसाचं चित्रण त्याने माझ्यावर उतरवलं आणि हौसेने पहिल्यापासून शेवटपर्यंत बासरी ओतली. आईने ते पाहिलं आणि ती तडकली. "अहो, आमच्याकडची माणसं मुकी आहेत का? तोंडं हलताहेत नि वाजतेय बासरी!"

त्याने नाइलाजाने खरा आवाज दुसऱ्या ट्रॅकवर घातला. रिमोटवरचं एक बारीकसं बटण दाबलं की बासरी जायची आणि माणसं बोलू लागायची. ते बटण फक्त आईला ठाऊक होतं. आवाज वाढवणं आणि रिमोट हरवणं, एवढंच बाकीच्यांना जमे.

पुढे आई गेली. तेव्हापासून माझ्या नशिबी बासरीच.

परवा थोरल्याने एक काळा डबा आणला. त्यात हार्ड डिस्क होत्या. "सगळ्या डीव्हीडी यात उतरवतो, मग हा पसारा भंगारात," तो म्हणाला. पसारा म्हणजे आम्ही.

"आहे तशीच्या तशी उतरव ना, दादा," धाकटी म्हणाली.

"जागा किती खाईल! एमपी-फोर करतो. फाइल लहान, फोनवरही चालते. डोळ्यांना फरक कळला तर नाव बदलीन."

"बदलच. नवं नाव 'आळशी' ठेव."

थोरल्याने मला पहिल्याच फेरीला ड्राइव्हमध्ये घातलं. पडद्यावर विचारणा आली: आवाज एक, आवाज दोन. दुसऱ्यापुढची खूण त्याने काढून टाकली. "एकाच चित्राला दोन आवाज कशाला? उगाच भर." मी गरगरत होते. ओरडायचं म्हटलं तरी माझा आवाज त्याच्याच परवानगीने बाहेर पडणार!

प्रत झाली. मला भंगाराच्या पिशवीत टाकणार, तोच बाबा म्हणाले, "थांब. आधी मूळ दाखव, मग तुझी प्रत. फरक मी सांगतो."

मला टीव्हीखालच्या जुन्या प्लेअरमध्ये घातलं. बासरी सुरू झाली. बाबांना कमी ऐकू येतं. त्यांनी आवाज वाढवायला अंगठा दाबला आणि तो नेमका भलत्या बटणावर पडला.

बासरी थांबली.

"अहो, कॅमेरा माझ्याकडे नको, पोरांकडे धरायला सांगा त्यांना. माझे केस बघा कसे झालेत!"

आईचा आवाज होता. धाकटीने तोंडावर हात धरला. बाबांनी विचारलं, "हे तुझ्या प्रतीत आहे?"

थोरल्याने प्रत लावून पाहिली. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. बासरी काही हटेना.

"पुन्हा उतरवतो, बाबा. अख्खी. दोन्ही आवाजांसकट." या वेळी जागेचं नाव त्याने काढलं नाही.

पण माझी कड तपकिरी पडली होती. आमच्यावरचं चित्रण आतून बाहेर लिहिलेलं असतं. म्हणजे शेवट कडेला, आणि आम्ही सडतो तेही कडेपासूनच. पहिल्या फेरीला मी कशीबशी तगले होते; या वेळी शेवटाशी येताच ड्राइव्ह कण्हू लागला. पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा हलेना.

"दादा, काढ तिला, तुटेल!"

"आता काढली तर पुन्हा वाचली जाणार नाही." त्याने वेग अगदी कमी केला. बाबा ड्राइव्हवर हात ठेवून बसले, जणू मला ताप आला होता. मी एकेक ओळ खरवडून देत होते. एक दिली की दुसरी देता येईल की नाही, ते कळत नव्हतं.

आकडा हलला. मग पुन्हा हलला. प्रत पुरी झाली.

त्यानंतर मला कुठलंच यंत्र ओळखत नाही. तरी मी भंगारात गेले नाही. काळ्या डब्यावर मला ठेवलंय आणि कुणीतरी माझ्यावर चहाचा कपही ठेवून जातं. तुमच्या घरी माझ्या बहिणी असतील, तर त्यांना फेकण्याआधी रिमोटवरची सगळी बटणं एकदा दाबून पाहा. एवढंच मागणं आहे.

त्या संध्याकाळी त्यांनी प्रत शेवटपर्यंत पाहिली. अगदी शेवटी, मेणबत्त्या विझल्यावर, आई व्हिडिओवाल्याला म्हणते, "पुरे झालं, बंद करा आता."

बाबांनी जन्मभर तिचं सगळं ऐकलं. रिमोट त्यांच्या हातातच होता. त्यांनी बंद केलं नाही.