पाहुणे कोणत्या घरचे

देवचंद पाटील आणि सुकदेव बिऱ्हाडे यांचे गाव एकच, धरणगाव तालुक्यातले. शाळा एक, जळगावचे आयटीआय एक, आणि दीपनगरच्या वीज केंद्रात दोघे लागले तेही एकाच वर्षी. कॉलनीत त्यांची क्वार्टर समोरासमोर होती. आजूबाजूला अमरावतीकडचे, नागपूरकडचे, नाशिककडचे लोक. दोघे एकत्र आले की अहिराणी सुरू व्हायची आणि शेजारी हसायचे. देवचंदची बायको मंदा दर आठवड्याला सुकदेवच्या घरी काही ना काही पाठवी, आणि सुकदेवच्या घरून डबा रिकामा परत येत नसे. कॉलनीत याचे कोणाला काही वाटत नव्हते. गावी गेल्यावर मात्र देवचंद गढीजवळच्या गल्लीत जाई, सुकदेव गावाबाहेरच्या वस्तीत. परतीच्या एसटीत दोघे पुन्हा एका बाकावर बसत. याबद्दल ते कधी बोलले नव्हते.

१९८९ चा ऑक्टोबर होता. दसरा झाला होता, दिवाळी यायची होती. पावसाचे गढूळ पाणी निवळून जवळच्या धरणाच्या फुगवट्यात मरळ दिसायला लागली होती. मरळ हा शिकारी मासा. बुडालेल्या झाडांच्या खोडाजवळ तो दबा धरून बसतो आणि समोरून बेडूक गेला की झडप घालतो. रविवारी सकाळी दोघांनी वना भोईची नाव मागून घेतली. वनाने नाव दिली आणि वर सांगितले, "पाटील, बुडाले तर नाव काठाला लावून बुडा."

सुकदेव गळाला बेडूक लावत होता, पोटाखालून, जपून, म्हणजे तो जिवंत पोहत राहील. देवचंद वल्हे मारत होता.

"तो बेडूक तुना जावई शे का?" देवचंद म्हणाला. "इतला जपी ऱ्हायना."

"जावई तू शे. बेडूकले काम तरी ऱ्हास."

तासाभरात दोन झडपा वाया गेल्या. मासे पलीकडच्या काठाला, बुडालेल्या बाभळींच्या रांगेत होते. तिकडे वळताना सुकदेवने हात आडवा केला.

"तिकडे तुनी सासुरवाडी शे ना? परत फिरूत?"

"इतल्या उन्हात कोन येस काठवर," देवचंद म्हणाला, आणि त्याने नाव पुढे घातली.

बाभळीच्या तिसऱ्या खोडापाशी मरळ लागली. पाणी उकळल्यासारखे झाले, काठी कमानीसारखी वाकली. सुकदेवने घाई केली नाही. मासा खोडाला वेढा घालायला निघाला की तो काठी दुसऱ्या बाजूला नेई, आणि देवचंद नाव मागे रेटी. शेवटी देवचंदने कल्ल्यात बोटे घालून तिला आत ओढले. हाताएवढी लांब, काळीभोर, सापाच्या डोक्याची. दोघेही भिजले होते आणि हसत होते. काठावरून कोणीतरी हाक मारली तेव्हा दोघांनी एकदमच वर पाहिले.

"दाजी? तुमी हाये का ते?"

देवचंदचा मेव्हणा अभिमन गुडघाभर पाण्यात उभा राहून बैल धूत होता. जावई दारावरून जातो आणि घरी येत नाही, हे त्या घरात चालण्यासारखे नव्हते. देवचंदने नाव परत द्यायची आहे असे सांगून पाहिले, कपडे ओले आहेत असे सांगून पाहिले. अभिमनने नावेचा दोर धरून ती चिखलात ओढली आणि मासा असलेली टोपली उचलली.

"आई मले घरात घेनार नाही, तुमाले असं सोडलं तर." मग त्याने सुकदेवकडे पाहिले. "आन् हे पाव्हने?"

देवचंदच्या सासऱ्याच्या घरी ओसरीबाहेर भिंतीत एक कोनाडा होता. त्यात मजुरांसाठी दोन कप उपडे ठेवलेले असत. लग्न झाल्यापासून देवचंद ते पाहत आला होता. आता त्याच्या डोळ्यांसमोर ते कप आले.

"आमच्या खात्यातलेच," तो म्हणाला. "पाटील हायेत. आमच्या गावचे."

सुकदेव काठ्या गोळा करत होता. त्याने ते ऐकले. ऐकले हे देवचंदने पाहिले, आणि तो काही बोलला नाही म्हणजे त्याची हरकत नाही, असे तो धरून चालला.

गाव पुनर्वसनातले होते, सरळ गल्ल्यांचे. वाटेत अभिमन माशाबद्दलच बोलत होता. देवचंदला सुकदेवशी एकटे बोलायला मिळाले नाही. मिळावे म्हणून तो मागेही राहिला नाही.

देवचंदचे सासरे, उखर्डू आबा, ओसरीवर पानाला चुना लावत बसले होते. पंचक्रोशीतल्या लग्नाच्या बोलण्यांत त्यांना बोलावत. कोण कोणाचा साडू, कोणाचे मामेकूळ कोणते, हे त्यांना विचारायला लोक दुसऱ्या तालुक्यातून येत. देवचंदचे स्थळ पक्के करण्याआधी ते त्याच्या गावात चार दिवस राहून आले होते. अशा माणसासमोर आपण आपल्याच गावातला एक पाटील नव्याने उभा केला आहे, हे देवचंदच्या लक्षात पाय धुताना आले.

आत सासूबाई, भिकुबाई, मासा साफ करायला बसल्या. "मोठी हाये गं बाई," असे त्यांचे बोलणे बाहेर ऐकू येत होते. सुकदेव ओसरीच्या कडेला सतरंजीवर बसला. चहा आला. कप घरातले, बशीसकट.

"तुमच्या गावचे म्हंजे कोन्या घरचे?" आबांनी विचारले. प्रश्न सुकदेवला होता, उत्तर देवचंदने दिले.

"खालच्या गल्लीतले, आबा."

"खालच्या गल्लीत तर पाटलाची तीनच घरं. तुकाराम पाटलाचे का?"

"नाही... म्हणजे, हे मामाकडे वाढले."

"मामाकडे." आबांनी पान तोंडात टाकले. "मामा कोन्या गावचे?"

"एरंडोलकडचे."

"एरंडोलकडे बठ्ठी आपलीच सोयरीक हाये. नाव सांगा."

अभिमन हसला. "आबा, पाव्हन्याले चहा तर पिऊ द्या. पोलीस पाटील झाले का तुमी?"

"अरे, वळख निघते म्हनून इचारतो. वळख निघाली त मानूस परका राहत नाही."

आबा मनापासून बोलत होते, त्यात डाव नव्हता. देवचंदने मामाचे म्हणून सुचले ते एक नाव सांगितले. आबांनी डोळे मिटून ते नाव डोक्यातल्या घरांतून फिरवले, ते कुठे बसले नाही. सुकदेव कपातल्या चहाकडे पाहत होता. एकदा त्याने मान वर केली आणि देवचंदकडे पाहिले. देवचंदने अभिमनला बैलांचे विचारले.

ताटे आली. ओसरीवर चौघांची एक ओळ: आबा, अभिमन, देवचंद, सुकदेव. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांदा, आणि वाटीत तर्रीदार रस्सा. शेपटीकडचा मोठा तुकडा भिकुबाईंनी जावयाला वाढला, तितकाच पाहुण्याला. "तुमीच धरली म्हने," त्या सुकदेवला म्हणाल्या. "हात चांगला हाये तुमचा."

सुकदेवने भाकरी मोडली. पहिला घास त्याने अजून घेतला नव्हता.

"लगन झालं ना, पाव्हने?" आबांनी विचारले.

"झालं," सुकदेव म्हणाला. त्या घरात आल्यावरचा हा त्याचा पहिला शब्द.

"सोयरीक कोठची? सासऱ्याचं नाव काय?"

"ते चोपड्याकडचे, आबा," देवचंद म्हणाला. "तिथले... तिथल्या मोठ्या पाटलांच्या..."

"देवचंद, थांब," सुकदेव म्हणाला.

त्याचा आवाज चढला नव्हता. भाकरीचा तुकडा त्याने ताटात ठेवला.

"आबा, माझं नाव सुकदेव झुलाल बिऱ्हाडे. आम्ही बौद्ध. गाव यांचंच आहे. वडील गावातच असतात, एरंडोलला आमचं कोणी नाही. बायको यावलची."

आबांचा हात वाटीपाशी थांबला. देवचंदच्या गावातल्या त्या चार दिवसांत त्यांनी ज्या घरांत चहा घेतला होता, त्यांत झुलाल बिऱ्हाड्याचे घर नव्हते. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तोही थांबला. अभिमन देवचंदकडे पाहत होता.

"जेवा," आबा म्हणाले. "ताटावरून उठू नये." ते कोणाचेही नाव घेऊन म्हणाले नाहीत.

जेवण झाले. पण भिकुबाई भाकरी घेऊन बाहेर आल्या तेव्हा त्यांनी ती आबांना वाढली, जावयाला वाढली, अभिमनला वाढली, आणि आत गेल्या. सुकदेवने पहिलीच भाकरी शेवटपर्यंत पुरवली. आबा आता देवचंदशी बोलत होते: कापसाचे, मंदाच्या दिवाळीला येण्याचे. देवचंद उत्तरे देत होता. आपण उत्तरे देतो आहोत हे त्याला कळत होते. माशाचा काटा त्याने तोंडातून काढला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला.

पाहुण्याने ताट उचलायचे नसते. कॉलनीत सुकदेव कधी ताट उचलायला गेला तर मंदा त्याच्या हातून ओढून घ्यायची आणि रागवायची. इथे सुकदेव उठला, त्याने ताट उचलले, वाटी त्यात ठेवली आणि विचारले, "कुठे धुऊ?"

अभिमन अर्धा उठला. मग त्याने बापाकडे पाहिले आणि खाली बसला.

"तिकडे, हौदापाशी," भिकुबाई दारातून म्हणाल्या.

देवचंदचे ताट त्याच्यासमोर होते. तेही उचलून सुकदेवच्या मागे जायला चार पावले लागली असती. हात त्याने ताटाच्या कडेला नेलाही. तेवढ्यात भिकुबाईंनी वाकून त्याचे ताट उचलले. "असू द्या, जावईबापू." देवचंदने हात मागे घेतला. हौदाकडून राखेने घासल्याचा आवाज येत होता. सुकदेव काम करी तसेच नीट, दोन्ही बाजूंनी ताट घासत होता. ते धुऊन त्याने हौदाच्या कठड्यावर उपडे घातले. कोणी ते आत नेले नाही.

निघताना आबांनी देवचंदच्या हातावर पानाचा विडा ठेवला. सुकदेवला नमस्कार केला, दुरून, दोन्ही हात जोडून. अभिमन काठापर्यंत आला नाही.

परतीला सुकदेवने वल्हे घेतले. नाव निम्म्या पाण्यात आली. मग देवचंद म्हणाला, "तुले वाईट वाटू नये म्हनीसन मी..."

"माझ्यासाठी केलं तू?" सुकदेव म्हणाला. तो कॉलनीतल्या मराठीत बोलत होता, साहेबांशी बोलतात तशा. "मला विचारायचं होतं. मी नावेत बसलो असतो. चांगली सावली होती बाभळीखाली. तू जेवून आला असता, मी हसलो असतो तुला."

"माले वाटनं, तू काही बोलना नही म्हंजे..."

"मी वाट पाहत होतो. वाटलं, चहा होईपर्यंत तू सांगशील. मग वाटलं, ताटावर बसायच्या आधी सांगशील. तू तर माझ्या सासऱ्यालाही बदलायला निघाला होता."

देवचंदने पाण्यात हात घातला आणि काढला.

"एक सांग," सुकदेव म्हणाला. "मी बोललो नसतो तर तू सांगितलं असतं का? घरी परत आल्यावर, मंदावहिनीला तरी?"

खोटे उत्तर तयार होते. सकाळपासून देवचंदने इतकी दिली होती की आणखी एक जड गेले नसते.

"नही," तो म्हणाला.

सुकदेवने मान हलवली, हिशेब जुळला तर हलवतात तशी. त्यानंतर तो फक्त नावेचे बोलला. समोर खोड आहे. डावीकडे घेतो. दोर टाक. काठावर वना भोईने मासा कुठे विचारले. "सासुरवाडीला दिला," सुकदेव म्हणाला, आणि वना हसला. देवचंदही हसला, आणि हसल्याबरोबर त्याचा चेहरा तापला.

दोघांनी काठ्या बांधल्या, सायकली काढल्या. कॉलनीच्या गेटपर्यंत रस्ता एकच होता. गेटपाशी देवचंद म्हणाला, "पुढच्या रविवारी येशी ना? पानी आखो निवळी."

"पुढच्या रविवारी मला ड्यूटी आहे."

दोघे एकाच गटात होते. ड्यूटीचा तक्ता दोघांनी शनिवारी एकत्रच पाहिला होता, आणि पुढचा रविवार दोघांच्या सुट्टीचा होता.

"बरं," देवचंद म्हणाला.

सुकदेव पुढे निघून गेला. देवचंद सायकल हातात धरून गेटबाहेर थांबला. समोरासमोरच्या दारांतून दोघांनी एकाच वेळी आत शिरू नये, एवढा वेळ जाऊ द्यायचा होता.