चार तासांचा बॅकअप

ताई मला फ्यूज म्हणते. मी पटकन उडतो म्हणून. कॉम्प्युटरचे यूपीएस दुरुस्त करण्यात माझी एकवीस वर्षं गेली, त्यामुळे ते नाव मी मुकाट्याने चालवून घेतलं आहे.

ताई घरी बसून इमारतींचे नकाशे काढते. बाबा तिच्याकडेच असतात. त्यांची फुप्फुसं थकली आहेत. ऑक्सिजनच्या मशीनची नळी दिवसभर नाकात. वीज गेली की मशीन बंद, मग ताई धावपळ करून सिलिंडर लावायची. तेवढ्यात इकडे यूपीएस मान टाकायचा आणि नकाशाचं काम तिथेच अडायचं.

"गावाचे यूपीएस तू नीट करतोस, आणि सख्ख्या बहिणीचा बारा मिनिटं टिकत नाही," ती एकदा म्हणाली. मला ते चांगलंच झोंबलं.

त्याच रविवारी मी यूपीएस उघडला. आतली विटेएवढी बॅटरी काढली, डब्याला मागून भोक पाडून जाड वायरी बाहेर आणल्या, आणि इन्व्हर्टरला लावतात तसली भलीमोठी बॅटरी टेबलाखाली बसवली. दोन बल्ब लावून वीस मिनिटं चालवून पाहिलं. आमच्या धंद्यात तेवढंच बघतात. एरवी त्याच्या आतच छोटी बॅटरी संपते, मग पुढचं कोण कशाला बघेल?

"चार तास मरण नाही याला," मी फुशारकी मारली. "काय हवं ते लाव. मला विचारायचंसुद्धा नाही."

तिने विचारलं नाही.

गुरुवारी दुरुस्तीसाठी दहा ते दोन वीज बंद राहणार होती. बाराच्या सुमारास मी मुद्दाम तिच्याकडे गेलो. खोटं कशाला बोलू, कौतुक ऐकायला गेलो. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं आणि जळक्या वार्निशचा वास आला. तो वास मी झोपेतही ओळखेन. ट्रान्सफॉर्मरच्या तारांवरचं वार्निश जळत होतं.

ताई नकाशे पोचवायला बाहेर गेली होती. बाबा तिच्या टेबलाशेजारी खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांच्या पायाशी यूपीएस, आणि त्याला कॉम्प्युटर नव्हे, ऑक्सिजनचं मशीन लावलेलं. डब्याला हात लावला तर चटका बसला. वरचं प्लास्टिक मऊ होऊन खचलं होतं.

तो डबा मुळात पंधरा मिनिटांसाठी बनवलेला. आतला ट्रान्सफॉर्मर फार तापायच्या आधीच छोटी बॅटरी संपायची, आणि तेवढ्यावरच सगळं सुरक्षित होतं. मी बॅटरी दसपट केली आणि डबा तोच ठेवला. आणि दोन तास तो ऑक्सिजनच्या शेजारी तापत होता.

बटण दाबून मी बॅटरीच्या वायरी उपटल्या. मशीन केकाटायला लागलं. सिलिंडर आता कशाला लागतोय म्हणून ताईने तो गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरींमागे नेऊन ठेवला होता. तो ओढत आणला. त्याची चावी एकवीस वर्षं पाने-पक्कड धरणाऱ्या माझ्या हातांनी उलट्या बाजूला फिरवली. बाबांचे ओठ निळसर दिसायला लागले. मी रडकुंडीला आलो. मग कधीतरी चावी बरोबर फिरली, सुस्स आवाज आला आणि मी नळी जोडली.

पाचेक मिनिटांनी त्यांच्या तोंडावर जरा रंग आला.

"बाबा, वास नाही आला तुम्हाला?"

"आला की. तासभर येतोय."

"मग ताईला फोन का नाही केलात? मला का नाही केलात?" माझा आवाज चढला.

बाबांना दोन-दोन शब्दांवर थांबावं लागतं. त्यांनी आधी श्वास घेतला.

"भीती वाटली होती थोडी. पण म्हटलं, तू केलंयस. त्यात काय बघायचं?"

एवढं बोलून त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. मी तिथेच फरशीवर बसून राहिलो. ताई जिना चढून येताना ऐकू आली, तरी माझ्याच्याने उठवेना.