जोयावर राज्य

दिवाळीच्या सुट्टीत जोयाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. मार्चमध्ये डॉक्टर म्हणाले, आता खेळू द्या, दम लागला तर थांबेल ती आपली आपण. तिच्या अम्मीनं, म्हणजे अख्तरबानूनं, त्यातलं काही मनावर घेतलं नाही. मुली खाली निघाल्या की ती थोरलीला बजावायची, "अरिबा, पळू देऊ नकोस हं तिला."

म्हणून अकरा वर्षांच्या अरिबानं सगळ्यांशी ठरवून टाकलं होतं: जोया कच्चा लिंबू. पकडलं तरी तिच्यावर राज्य नाही. येरवड्यातल्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मग महिनाभर कुणी तिच्यामागे धावलंसुद्धा नाही. आठ वर्षांची पोर खांबाला टेकून उभी राहायची.

त्या संध्याकाळी राज्य उत्कर्षावर होतं. जोया चालत तिच्यासमोर गेली आणि तिचा हात उचलून स्वतःच्या खांद्यावर ठेवला.

"मी आउट. आता माझ्यावर राज्य."

"तू कच्चा लिंबू आहेस," अरिबा म्हणाली.

"कुणी ठरवलं?"

अरिबानं ऋषीकडे पाहिलं. खेळातले वाद तोच मिटवायचा.

"दमलीस तर?" ऋषीनं विचारलं.

"टाइमप्लीज घेईन."

टाइमप्लीज ऋषीनंच बंद पाडली होती. आता आपण पकडले जाणार असं दिसलं की जो तो घ्यायचा. "मग सगळेच घेतील," तो म्हणाला.

"घेऊ देत. पण तीनदाच. आणि दहा आकडे होईपर्यंत."

"तू वीस घे," अरिबा घाईनं म्हणाली.

"सगळ्यांना दहा, मलाही दहा."

ऋषीनं जरा विचार केला. "चालेल."

जोया धावू लागली. अरिबा मुद्दामच हळू पळाली. जोया तिच्यापाशी येऊन थांबली, पण हात लावला नाही.

"अशी नको पळूस, आपा," ती हळूच म्हणाली आणि दुसरीकडे वळली.

थोड्या वेळानं तिनं टाइमप्लीज घेतली. सगळे जागच्या जागी थांबले. गुडघ्यांवर हात टेकून ती श्वास घेत होती. ऋषी आकडे मोजायला लागला, नेहमीपेक्षा सावकाश.

"नीट मोज," जोया म्हणाली.

तिच्याकडे धावावं असं अरिबाला दोनदा वाटलं. पण ती हलली नाही. दहा म्हटल्याबरोबर जोया सुटली, ती थेट ऋषीच्या मागे, आणि दोन गाड्यांच्या मधल्या सांदीत तिनं त्याचा शर्ट धरला. तेवढ्यात अंधार पडला आणि खेळ तिथंच थांबला.

घरी आल्यावर तिचा घामेजलेला चेहरा बघूनच अम्मी समजली. तिनं गॅस बंद केला. जोयाला जवळ ओढून तिच्या छातीवर तळहात ठेवला.

"मी तुला काय सांगितलं होतं?" तिनं अरिबाला विचारलं.

"मला नको विचारूस, अम्मी. तिला विचार."

अम्मीनं जोयाकडे पाहिलं. "उद्याही जाणार?"

"हो," जोया म्हणाली. "उद्या ऋषीवर राज्य आहे."