बनियनवरचा फोटो

“हे बघ, आणि खरं सांग,” असं म्हणून विक्रमने लॅपटॉप दीक्षाकडे वळवला आणि तो चहा सांगायला काउंटरकडे गेला. आपलं काम ती बघत असताना समोर बसणं त्याला जमत नसे.

हैदराबादेत कोठीच्या त्या इराणी हॉटेलात शनिवारी दुपारी तिघांचं टेबल ठरलेलं होतं. विक्रम फोटो काढायचा, श्रुती चित्रं काढायची आणि दीक्षा बघायची. तिचं काम एवढंच, पण ते दोघं ते काम गंभीरपणे घेत. विक्रमचं येत्या महिन्यात बंजारा हिल्सच्या एका गॅलरीत प्रदर्शन होतं. ‘कुणी बघत नसताना’ असं त्याचं नाव. शहरातले पुरुष, एकटे, आपल्याच नादात. दुकानाच्या आरशात स्वतःकडे बघणारा न्हावी. मालाच्या हातगाडीवर, बंडीवर, तोंड उघडं टाकून झोपलेला हमाल. सिग्नलला गाणं म्हणणारा ऑटोवाला. दीक्षा एकेक फोटो पुढे सरकवत होती आणि मग तिचा हात थांबला.

फोटोत तिचे वडील होते.

अंगात बनियन, समोर टेबलावर पांढरा शर्ट, उजव्या हातात इस्त्री. खिडकीतून आलेला उजेड खांद्याच्या हाडावर पडला होता. डाव्या हाताने ते शर्टाची कॉलर सरळ करत होते, तापलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवावा तसं. चेहऱ्यावर असं काही होतं, जे दीक्षाने त्यांच्या चेहऱ्यावर कधीच पाहिलं नव्हतं, किंवा पाहूनही तिला दिसलं नव्हतं.

विक्रम चहा घेऊन आला तेव्हाही ती त्याच फोटोवर होती.

“तू आजवर काढलेल्यातला सगळ्यात चांगला,” ती म्हणाली. विक्रमने सुटकेचा श्वास सोडला. दारातून शिरल्याबरोबर समोर हाच लावणार, मोठा करून, असं त्याने सांगितलं. “पण तू हौ म्हटलं तरच.”

दीक्षाला हौ म्हणता आलं नाही, आणि नाही म्हणणंही जमेना. आप्पांना विचारते, एवढंच ती म्हणाली.

दीक्षा एका विमा कंपनीच्या कोठीतल्या शाखेत क्लेमच्या फायली बघत असे. वय चव्वेचाळीस. लग्न झालं नव्हतं आणि त्याची कारणं आता कुणी विचारत नसे. आई, पंचफुला, गेल्यापासून जामबागेतल्या घरात बापलेक दोघंच. कॉलेजातली मैत्रीण म्हणून श्रुतीने एकदा तिला एका प्रदर्शनाला ओढून नेलं होतं. चित्रं असतील या समजुतीने दीक्षा गेली, तर तिथे एका अंधाऱ्या खोलीत दोऱ्यांवर ओल्या साड्या वाळत घातलेल्या आणि खाली पत्र्याच्या परातींत पाणी ठिबकत होतं. बस्स. लोक येत, हसत, सेल्फी काढून जात. दीक्षा मात्र तिथून हलेना. कुठल्या तरी साडीचं पाणी थांबायचं, मग दुसरीचं सुरू व्हायचं. बाहेर आल्यावर श्रुतीने काय वाटलं असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “घरात कुणी तरी आहे असं वाटलं.” श्रुतीने ते वाक्य त्या कलावंताला जाऊन सांगितलं होतं.

तेव्हापासून तिला नाद लागला. ऑफिस सुटलं की बस धरून ती गॅलऱ्यांत जाई. ऑफिसातल्या बायका चिडवत, घरातल्या भिंती सोडून लोकांच्या भिंती काय बघत बसतेस म्हणून. ती हसून सोडून देई. तिला कधी काही काढावंसं वाटलं नाही. पण विक्रम आणि श्रुती कुठलंही काम आधी तिला दाखवत, कारण तिच्या डोळ्यांवर त्यांचा विश्वास होता. फायलींवर दिवसभर सह्या करणाऱ्या बाईला कुणी तरी असं विचारावं, ही गोष्ट तिने मनाशी फार जपून ठेवली होती.

आप्पांचे फोटो काढायचे हेही तिनेच सुचवलं होतं. विक्रम रविवारी सकाळी ठरल्यापेक्षा लवकर आला. दार उघडं होतं, दीक्षा स्वयंपाकघरात. निवृत्ती आप्पा फोटोसाठी शर्टाला इस्त्री करत होते. कॅमेऱ्याचा आवाज झाला तसे ते ओशाळून हसले आणि थांबा, तयार होऊ द्या, म्हणाले. मग शर्ट, टाय आणि चौदा एप्रिलला घालायचा निळा कोट चढवून ते खुर्चीवर ताठ बसले. तोही फोटो विक्रमने काढला, त्याची प्रत फ्रेम करून दिली आणि आप्पांनी ती बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावली. आल्यागेल्याला ते ती दाखवत. फोटो म्हणून त्यात काही नव्हतं, हे दीक्षाला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

विक्रमकडून प्रिंट घेऊन ती त्या शनिवारी संध्याकाळी घरी आली. आप्पा बातम्या बघत होते. तिने प्रिंट त्यांच्या हातात दिलं आणि प्रदर्शनाचं सांगितलं. आप्पांनी टीव्ही बंद केला, चष्मा बदलला. खूप वेळ बघितलं.

“मपल्या बापासारखा दिसतो का रे मी,” ते पुटपुटले. ते दीक्षाला उद्देशून नव्हतं.

मग म्हणाले, “फोटो चांगला हाये. चांगल्या माणसानं काढला हाये. पण लावू नका म्हणावं.”

दीक्षाने समजावून पाहिलं. त्यात काही कमी दाखवलेलं नाही, उलट तुमच्यातलं जे कुणाला दिसत नाही ते दिसतं, असं ती म्हणाली. बोलताना तिला जाणवलं, आपण गॅलरीत बोलतो तसं बोलतो आहोत.

आप्पांनी ऐकून घेतलं. प्रिंट पालथं न घालता, सुलटंच टेबलावर ठेवलं.

“माझ्या बापाला गावात सदरा घालून पाटलाच्या दारावरून जाता येत नव्हतं,” ते म्हणाले. “काढून बगलेत धरायचा, पुढं गेलं की पुन्हा घालायचा. मी संगं असायचो. इथं हैदराबादला आलो, टेलिफोन खात्यात लागलो, खांबावर चढायचो तरी शर्टाची बटणं लावून. बनियनवर मला तुझ्या आईनं पाहिलं आन् तू पाहिलं. बाकी कुणी न्हाई.”

त्यानंतर त्यांनी जेवायला वाढ म्हटलं.

विक्रमची खोली सुलतान बाजारात, त्याच्या वडिलांच्या, प्रतापरावांच्या, कापडदुकानाच्या वर होती. दीक्षाने तिथे जाऊन निरोप सांगितला. विक्रम खोलीत येरझाऱ्या घालू लागला. सगळं प्रदर्शन त्या एका फोटोभोवती रचलंय, म्हणाला. दीक्षाने कोटातला लाव असं सुचवलं.

“तो सगळ्यांच्याच घरी असतो, दीक्षा. तुला मी सांगायला पाहिजे का?”

ते खरं होतं.

“आणि त्यात लाजण्यासारखं काय आहे?” त्याने खिडकीतून खाली बोट दाखवलं. “माझे बाबा गरमीच्या दिवसांत बनियनवर गल्ल्यावर बसतात. अख्खा बाजार बघतो.”

“ते बसू शकतात,” दीक्षा म्हणाली.

विक्रम थांबला. खाली कुणी तरी ठाण उलगडत होतं, त्याचा फडफड आवाज वर येत होता. तो म्हणाला, “ठीक आहे. नाही लावत.” त्याने शब्द दिला होता आणि तो पाळणारा माणूस होता. पण तिला जिन्यापर्यंत सोडायला तो आला नाही.

श्रुतीचा फोन दुसऱ्या दिवशी आला. ती रागावली नव्हती, पण तिला समजत नव्हतं. असा फोटो एका माणसाचा राहत नाही, तो सगळ्यांचा होतो, हे तूच मला सांगायचीस ना, असं तिने विचारलं. दीक्षाचं अर्धं मन श्रुतीच्या बाजूनेच होतं. डोळे मिटले की तिला ती कॉलरवरची बोटं दिसत. त्या भिंतीवर तो फोटो किती शोभला असता हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

शनिवारच्या टेबलाचा निरोप येणं बंद झालं. कुणी भांडलं नाही, फक्त कुणी बोलावलं नाही. ती एकटीच मासाब टँकला एक प्रदर्शन बघून आली. चांगलं होतं. बाहेर पडल्यावर ते सांगायला कुणी नव्हतं, म्हणून ती बसस्टॉपवर उगाच दोन बस सोडून उभी राहिली.

उद्घाटनाचं आमंत्रण सगळ्यांना गेलं तसं तिलाही फोनवर आलं. ती जाणार नव्हती. आप्पांनी तारीख विचारली आणि म्हणाले, “माझा न्हाई लावला म्हणून काय झालं? पोरानं मेहनत केली हाये. बघून येऊ.”

गॅलरीत थंडगार होतं आणि लोक हळू बोलत होते. दारासमोर न्हाव्याचा फोटो होता. दीक्षाने पाहिलं, तो तिथे तग धरत नव्हता. कुणी तरी शेजारी म्हणालंही, की मालिका छान आहे पण मध्ये काही तरी राहिल्यासारखं वाटतं. विक्रम पलीकडेच उभा होता. त्याने ऐकलं, दीक्षाकडे पाहिलं आणि नजर वळवली.

आप्पा मात्र रांगेने बघत चालले होते. प्रत्येक फोटोसमोर थांबत, दोन्ही हात मागे बांधून. झोपलेल्या हमालापाशी ते सगळ्यात जास्त थांबले. विक्रम काही वेळाने त्यांच्याजवळ गेला आणि पाया पडला. आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“लई बारीक बघता तुम्ही,” ते म्हणाले. मग हमालाच्या फोटोकडे मान वळवून विचारलं, “यांना दाखवला का?”

“नाही काका.”

“बरं,” आप्पा म्हणाले, आणि पुढच्या फोटोकडे गेले. त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता. तो असता तर विक्रमला कदाचित सोपं गेलं असतं.

प्रदर्शन संपल्यानंतरच्या शनिवारी विक्रमचा फोन आला. सुलतान बाजारात ये, एवढंच म्हणाला. दीक्षा गेली तेव्हा तो दुकानाच्या पायरीवर उभा होता, गळ्यात कॅमेरा, काखेत कागदात गुंडाळलेलं मोठं प्रिंट. दोघं चालू लागले. मागचा विषय कुणीच काढला नाही. बंड्या उभ्या राहतात त्या गल्लीत विक्रमने दोघाचौघांना झोपलेल्या हमालाचं ते प्रिंट दाखवलं. ते हसले आणि त्यांनी हाका मारल्या. यादगिरी नावाचा तो माणूस लुंगी सावरत आला. पन्नाशीचा असेल. प्रतापरावांच्या दुकानाचा माल वर्षानुवर्षं तोच ओढत होता आणि विक्रमला त्याचं नाव आज कळलं.

त्याने हात लुंगीला पुसले आणि प्रिंट दोन्ही कडांनी धरलं. भोवती माणसं जमली. कुणी तरी तोंड उघडं टाकून घोरण्याची नक्कल केली. यादगिरी हसला नाही.

“सोते टैम ऐसा दिकतऊँ मैं,” तो स्वतःशीच म्हणाला. मग विक्रमकडे बघून, अगदी साधेपणाने, “अच्छा निकाले साब. पन एक और निकालो. जागते में.”

आणि उत्तराची वाट न बघता तो नळावर गेला. तोंड धुतलं, केसांवरून ओला हात फिरवला, बंडीच्या दांड्याला अडकवलेला शर्ट अंगात घातला आणि वरपासून खालपर्यंत बटणं लावली. मग बंडीशेजारी उभा राहिला, हात सरळ खाली सोडून, हनुवटी थोडी वर. एक बाई मधून जात होती, तिला बाकीच्यांनी थांबवलं.

दीक्षा भिंतीला टेकून बघत होती. डोक्यावर उभं ऊन, मागे दुकानांच्या पाट्यांची गर्दी, माणूस खांबासारखा ताठ. हा फोटो कुठल्याच गॅलरीत लागणार नाही हे तिला दिसत होतं, आणि विक्रमलाही दिसत असणार. तरी तो एक गुडघा टेकून खाली बसला, आणि यादगिरीची नजर नीट कॅमेऱ्यात येईपर्यंत त्याने बटण दाबलं नाही.