नवमीची पक्कड

धनश्रीच्या डाव्या पायाला प्लॅस्टर पडलं, तेव्हा तिच्या प्रोबेशनचे सहा आठवडे उरले होते आणि प्लॅस्टरही नेमकं सहाच आठवड्यांचं होतं. नागापूरच्या एका कारखान्यात ती यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करायची. रोज सोनईहून जाऊन-येऊन. कारखान्याच्या फाटकापाशीच खडीवर स्कूटी घसरली. साहेब दवाखान्यात भेटायला आले, शहाळं दिलं, आणि उठता उठता म्हणाले की घरून काम केलंस तरी चालेल, फक्त दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ऑफिसच्या नेटवर्कवर दिसली पाहिजेस. नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. अशी माणसं नोकरी काढून घेतानाही आवाज चढवत नाहीत, आणि म्हणूनच त्यांचा जास्त राग येतो.

कंपनीचा लॅपटॉप फक्त कायम झालेल्यांना मिळायचा. धनश्रीकडे होता तो श्रीरामपूरला डिप्लोमा करताना घेतलेला, वहीएवढा छोटा लॅपटॉप. कंपनीतले कॉम्प्युटर सांभाळणारा रविराज फोनवर त्याचं वर्णन ऐकून हसला.

"ते खेळणं आहे गं. त्यात होम सिस्टीम आहे, आपल्या नेटवर्कला प्रो लागते. आणि प्रो टाकायच्या आधी आहे तीच जुनी सिस्टीम नवी करावी लागेल. तीन-चार तास जातील, मध्येच बंद पडली तर पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा नवीन घे."

"नवीन नाही घेणार," धनश्री म्हणाली. "काय काय करायचं तेवढं सांग."

त्यानं सांगितलं, तिनं लिहून घेतलं. लॅपटॉपमध्ये जागा नव्हती, तेव्हा कॉलेजची सगळी ड्रॉइंग आणि मावसबहिणीच्या लग्नाचे दोन हजार फोटो पेनड्राइव्हवर गेले. बॅटरी पार थकलेली. चार्जर काढला की लॅपटॉप बरोबर बारा मिनिटं टिकायचा, हे तिनं घड्याळ लावून पाहिलं होतं. मोबाईलला रेंज फक्त घरापुढच्या वडिलांच्या वर्कशॉपात यायची, म्हणून लॅपटॉप तिथल्या टेबलावर मांडला. एवढं करून कंपनीकडून परवान्याचा कोड आला तो अष्टमीच्या संध्याकाळी.

"दसऱ्याला ऑफिस बंद," रविराज म्हणाला. "उद्या नवमीला पाचपर्यंत मी आहे. शेवटची परवानगी मलाच इथून द्यावी लागते. पाचच्या आत उरक."

नवमीचं नाव निघालं आणि तिथंच घोडं अडलं. तिचे वडील, आबासाहेब मिस्त्री, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करायचे, म्हणजे आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळायचे. तीस वर्षांत खंडेनवमीला त्यांच्या वर्कशॉपात पाना हलला नव्हता. पक्कड, हातोडी, ड्रिल, ग्राइंडर, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडू ठेवायचा, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. नवमीच्या सकाळीच हनुमंत नावाच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. त्याचा इन्व्हर्टर दुरुस्त होऊन कोपऱ्यात पडला होता, फक्त वायरीची दोन टोकं जोडायची राहिली होती.

"आज न्हाई," आबा म्हणाले. "हत्यार एक दिस निजतं आमचं. परवा सकाळी ये."

आबा असे कडक, म्हणून धनश्रीनं मुद्दाम सातलाच काम सुरू केलं. पूजेआधी निम्म्यावर आलं की सांगू, असा तिचा बेत. दहा वाजता पडद्यावर एकसष्ट टक्के दिसत होते. तेवढ्यात आईनं, पुष्पावतीनं, अंघोळीला हाक मारली. प्लॅस्टरला पिशवी बांधून, आईच्या आधारानं, एका पायावर अंघोळ म्हणजे अर्धा तास तरी जाणारच.

ती परतली तेव्हा टेबल रिकामं होतं. लॅपटॉप मिटून पाटावर ठेवलेला, ड्रिल आणि ग्राइंडरच्या मधोमध, वर कुंकवाचं बोट आणि झेंडूचं फूल. भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढलेला. बॅटरीची बारा मिनिटं केव्हाच संपून गेली होती. आबा नारळ घेऊन आत येत होते.

"आबा, मेन कुणी बंद केला?"

"मीच. दर साली करतो की. तुजं बी ठिवलंय बग पूजेत. आता तुजं हत्यार त्येच हाय न्हवं?"

धनश्रीला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. त्यातही वाईट हे, की त्यांनी ते कौतुकानं केलं होतं. इतक्या वर्षांच्या हत्यारांच्या रांगेत तिचं हत्यार पहिल्यांदाच बसलं होतं आणि नेमकं त्याच दिवशी बसायला नको होतं. सिस्टीम, अपडेट, नेटवर्क असले शब्द आबांच्या कानावरून नुसते वाहून जातील हे तिला माहीत होतं. तिनं पाटावरच्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीकडे पाहिलं.

आबा कॉईल भरताना वेढे मोजायचे. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. कुणी दारात आलं तर मान न वळवता ते नुसता डावा हात वर करायचे. आठ वर्षांची असताना धनश्रीनं एकदा वही मागायला मधेच हाक मारली होती. मोजणी चुकली. आबा एका शब्दानं रागावले नाहीत, पण भरलेली सगळी तार त्यांनी तिच्यादेखत उलगडली आणि पहिल्या वेढ्यापासून पुन्हा सुरुवात केली. तो मार तिला आजवर पुरला होता.

"आबा," ती म्हणाली, "मी वेढे मोजत हुते. शंभरातले एकसष्ट झाले हुते."

आबा नारळ हातात धरून उभे राहिले.

"समदं उलगडलं?"

"समदं. आता पैल्यापास्नं."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"तुमी मोजताना सांगता का कुणाला?"

आबांनी जाऊन मेन वर केला, स्वतःच्या हातानं लॅपटॉप पाटावरून उचलून टेबलावर ठेवला आणि फूल तेवढं काढून घेतलं.

"अर्ध्या कामावरनं उठवल्यालं हत्यार पूजेत शोभत न्हाई," ते म्हणाले. "हुंदे पुरं. मग निजवू."

लॅपटॉपनं झालेलं सगळं परत फिरवून जुनी सिस्टीम उघडायलाच पावणेबारा वाजवले. धनश्रीनं पुन्हा सुरुवात केली. होईल का, म्हणून रविराजचा मेसेज आला. पाचच्या आत होईल, असं तिनं बेधडक कळवून टाकलं. आबा स्टूल घेऊन वर्कशॉपच्या दारात बसले. सोनं द्यायला एक दिवस आधीच आलेले शेजारी, वर्गणीवाले, सगळ्यांना त्यांचा डावा हात वर झालेला दिसला. पुष्पावती पुरणपोळीचं ताट घेऊन आली, तर तिलाही तोच हात.

"अवो, मी घरातलीच हाय," ती कुजबुजली आणि ताट ठेवून चवड्यांवर परत गेली.

तीन चाळीसला त्र्याऐंशी टक्के झाले आणि वीज गेली. मेन वरच होता, साऱ्या गल्लीची गेली होती. आबांनी वायरमनला फोन लावला. तासभर तरी लागेल, म्हणाला.

"किती टिकंल ह्ये?"

"बारा मिनिटं. आता अकरा."

आबांची नजर कोपऱ्यातल्या हनुमंतच्या इन्व्हर्टरकडे गेली, मग अंगणात हार घालून उभ्या केलेल्या टेम्पोकडे. टेम्पोची बॅटरी काढून इन्व्हर्टरला जोडली की काम झालं. पण काढायला पाना लागणार, वायर सोलायला पक्कड लागणार, आणि दोन्ही पाटावर, हळदकुंकू लावून निजलेली. आबा पाटापुढं जाऊन उभे राहिले. तीस वर्षांचा नेम होता. धनश्रीला दिसत होतं की त्यांचा हात पुढं होत नाहीये.

राहू द्या आबा, असं म्हणणं मुलीला शोभलं असतं. ते तिच्या ओठांवरही आलं होतं. पण ती म्हणाली नाही. तिला ती नोकरी हवी होती, आणि हवी आहे हे लपवायची तिची तयारी नव्हती.

"धा मिनिटं," ती म्हणाली.

आबा वाकले. पाटाला हात लावून तो कपाळाला लावला, झेंडू बाजूला केला आणि पक्कड उचलली. मग दहा नंबरचा पाना. त्यानंतर ते थांबले नाहीत. टेम्पोचा हार सरकवून बॅटरी सोडवली आणि पोटाशी धरून आत आणली. धनश्री भिंतीला धरून एका पायावर उड्या मारत वायर घेऊन आली, टोकं धरून उभी राहिली. आबांनी कुंकवानं लाल झालेल्या बोटांनी वायरीची टोकं सोलून जोडली. इन्व्हर्टर घुमू लागला. चार्जरचा दिवा लागला तेव्हा तिच्या हिशेबानं दोन मिनिटं उरली होती.

चार पंचवीसला काम पुरं झालं. तिनं पंचवीस अक्षरांचा कोड दोनदा तपासून घातला, लॅपटॉप बंद होऊन उघडला, होमच्या जागी प्रो आलं. चार बावन्नला रविराजचा फोन आला.

"दिसतेस," तो म्हणाला. "खरंच त्या खेळण्यावरून?"

"हो. त्याच्यावरूनच."

आबांनी पक्कड आणि पाना पुन्हा धुतला, पुसला, पाटावर ठेवला. मग दोन्ही हातांनी लॅपटॉप उचलून त्यांच्या शेजारी ठेवला आणि राहिलेला नारळ फोडला.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी नऊला पाच कमी असताना धनश्री वर्कशॉपातल्या टेबलाशी बसली, प्लॅस्टरचा पाय स्टुलावर. नऊला ती नेटवर्कवर होती आणि पहिलं ड्रॉइंग उघडलेलं होतं. सव्वानऊला बाहेर मोटारसायकल थांबली.

"मिस्त्री, झाला का आमचा इन्व्हर्टर?" हनुमंत अंगणातूनच ओरडत आला.

दारात उभ्या आबांनी मान न वळवता डावा हात वर केला.

"हळू," ते म्हणाले. "पोरगी मोजतीया."