कोपऱ्यातलं घड्याळ

सासऱ्यांचा कॉम्प्युटर आता मोडीत काढा, असं सुनेनं तीनदा सुचवून पाहिलं होतं. तिचं म्हणणं वावगं नव्हतं. कंपनीत ती दिवसभर कॉम्प्युटरच सांभाळायची, आणि हा तर चौदा वर्षांचा. पण सासरे पडले घड्याळजी. घड्याळाची टिकटिक ऐकून ते किती पुढे-मागे पळतंय हे दाखवणारा एक प्रोग्राम ते वापरत. त्याची नवी आवृत्ती जुन्या सिस्टिमवर चालेना.

"म्हातारा झालाय, मेला नाही," ते म्हणाले. "सिस्टिम तेवढी नवी घालू. तू नुसती शेजारी बस."

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर पसरली. आधी त्यांनी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या, मग त्यातल्या दहा-बारा उघडून पाहिल्या. "नक्कल झाली म्हणजे ती उघडतेच असं नाही गं." सुनेनं जीभ चावली, एवढी खातरजमा तिनं ऑफिसात कधी केली नव्हती. मग झाकण निघालं, ब्रशनं धूळ निघाली, जास्तीची मेमरी खटकन बसली. डोळ्याला भिंग होतं, पण सत्तरीतले ते हात जरासुद्धा थरथरत नव्हते.

पेनड्राइव्हवरून नवी सिस्टिम चढलीही झकास. घोडं अडलं ते पुढे. इंटरनेट चालू, पण एकही पान उघडेना, अपडेट उतरेनात. 'सुरक्षित जोडणी होत नाही,' एवढंच पालुपद. आता मात्र सुनेनं पदर खोचला. वायर बदलली, राउटर बंद-चालू केला, सेटिंगा पालथ्या घातल्या. तास गेला.

"बाबा, याला आता नवं काही झेपत नाही."

सासरे पडद्याकडे टक लावून होते. "तसं नाही. कोपऱ्यातलं घड्याळ बघ. चौदा वर्षं मागं आहे."

सून बघतच राहिली. तारीख चुकीची असली की कॉम्प्युटर कुठल्याच साइटवर विश्वास ठेवत नाही, हे तिला पाठ होतं. पण घड्याळाकडे बघायचं सुचलं नव्हतं. तिनं तारीख बदलली. पानं धडाधड उघडली. पण विजेची वायर काढून कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, तर तारीख परत मागे!

"आतला सेल संपलाय त्याचा," म्हणत सासऱ्यांनी खण ओढला. तिथे सेलांना काय तोटा! चिमट्यानं जुना बटणसेल निघाला, नवा बसला, तारीख पुन्हा लावली. नंतर चारदा वायर काढून पाहिली. घड्याळ सेकंदानंही मागं पडलं नाही.

दुपारी त्यांनी गिऱ्हाइकांच्या दोन मनगटी घड्याळांपैकी एक माइकपाशी ठेवलं. पडद्यावर रेघ सरकू लागली. "दिवसाला चार सेकंद पुढे," ते पुटपुटले आणि कामाला लागले.

सून आत गेली, आपला लॅपटॉप घेऊन आली. "बाबा, याचा पंखा फार घरघरतो. बघता जरा?"

"ठेव," सासरे मान वर न करता म्हणाले. "तुझा नंबर तिसरा."